रॉबर्ट कॉल्डवेल : बिशप, व्याकरणकार आणि ‘आपण’चा प्रश्न

भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासाचा इतिहास लिहिताना रॉबर्ट कॉल्डवेल (१८१४–१८९१) हे नाव टाळता येत नाही. दक्षिणेतील भाषा संस्कृतापासून निघालेल्या नसून त्यांचे एक स्वतंत्र कुल आहे, हे त्यांनी १८५६ मध्ये सविस्तर पुराव्यानिशी मांडले, आणि त्या कुलाला दिलेले ‘द्राविड’ हे नाव आज सर्वत्र रूढ आहे. मात्र हे ग्रंथकार पेशाने भाषापंडित नव्हते. आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी धर्मोपदेशक म्हणून दक्षिण भारतात घालवली, आणि त्यांतील अखेरची सुमारे चौदा वर्षे ते अँग्लिकन पंथाचे बिशप होते. भाषाशास्त्राचे अभ्यासक त्यांच्या बिशपपदाचा उल्लेख एका ओळीत उरकतात. चर्चच्या इतिहासकारांना त्यांचे व्याकरण हा फावल्या वेळचा उद्योग वाटतो. वस्तुतः ही दोन्ही कामे एकाच दृष्टीतून निघाली. त्या दृष्टीचे बळ कोणते आणि ती कोठे उणी पडली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. मद्रासपर्यंतचा प्रवास

कॉल्डवेल यांचा जन्म ७ मे १८१४ रोजी आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यात स्कॉटिश आईवडिलांच्या पोटी झाला. बालपण मुख्यतः ग्लासगो शहरात गेले. सोळाव्या वर्षी चित्रकलेच्या शिक्षणासाठी ते डब्लिनला गेले. परंतु तेथे त्यांच्या मनाने धर्मकार्याचा ध्यास घेतला आणि चित्रकला मागे पडली. लंडन मिशनरी सोसायटीने त्यांना स्वीकारल्यावर ग्लासगो विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. तेथे ग्रीक भाषेचे प्राध्यापक डॅनियल सँडफर्ड यांच्या अध्यापनातून त्यांना तुलनात्मक भाषाविचाराची गोडी लागली. बॉप आणि ग्रिम यांच्या ग्रंथांनी युरोपात भाषाभ्यासाला नवे वळण दिले होते, तो हा काळ होय. भाषांचे नाते शब्दांच्या वरवरच्या सारखेपणावरून ठरवायचे नसते, ते व्याकरणाच्या सांगाड्यावरून आणि ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांवरून ठरवायचे असते, हा धडा कॉल्डवेल यांनी भारताचा किनारा दिसण्यापूर्वीच घेतला होता.

जानेवारी १८३८ मध्ये ते मद्रासला पोचले. ज्या जहाजातून ते आले त्यातच तेलुगूचे प्रख्यात अभ्यासक चार्ल्स फिलिप ब्राउन हेही प्रवास करीत होते, हा योग उल्लेखनीय आहे. मद्रासमधील पहिली तीन वर्षे मुख्यतः तमिळ शिकण्यात गेली. १८४१ मध्ये त्यांनी आपली मूळ संस्था सोडली आणि इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये दीक्षा घेतली. त्यानंतर नेमणुकीच्या ठिकाणी, म्हणजे दक्षिण टोकाच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात जाताना त्यांनी बहुतेक प्रवास पायी केला. वाटेत निलगिरी पर्वतही पाहिला. ज्या लोकांत राहायचे त्यांची बोली, घरे आणि चालीरीती प्रत्यक्ष पाहाव्यात, हा या पायपिटीचा हेतू होता. पालखीतून जाणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या त्या काळात ही गोष्ट अपूर्वच म्हटली पाहिजे.

२. इडैयनगुडी

तिरुनेलवेलीच्या आग्नेय भागात तांबड्या वाळूचा पट्टा आहे. पाऊस बेताचा आणि झाड मुख्यतः एकच, ताडाचे. त्या ताडांवर रोज चढून रस उतरवणे आणि त्याचा गूळ करणे हा तेथील बहुसंख्य लोकांचा व्यवसाय होता. या पट्ट्यातील इडैयनगुडी या गावी कॉल्डवेल १८४१ च्या अखेरीस पोचले. गावाच्या नावाचा अर्थ ‘धनगरांची वस्ती’ असा होतो. पुढील चार दशके हे गाव त्यांचे घर झाले. त्यांनी तेथे सरळ रस्ते आखले, विहिरी खोदविल्या आणि शाळा काढल्या. १८४४ मध्ये त्यांचा विवाह एलायझा मॉल्ट यांच्याशी झाला. त्या नागरकोविल येथील मिशनरी कुटुंबातील असून तमिळ त्यांना लहानपणापासून अवगत होती. मुलींची शाळा आणि स्त्रियांना चार पैसे मिळवून देणारे लेस विणण्याचे काम यांचा भार मुख्यतः त्यांनी वाहिला. कॉल्डवेल यांच्या तमिळ ज्ञानाचा विचार करताना घरातील या तमिळचा विसर पडू नये.

१८४७ मध्ये त्यांनी गावात मोठ्या चर्चचा पाया घातला. पैसा जमेल तसे काम पुढे सरकत गेले, आणि त्या वास्तूचे विधिपूर्वक उद्घाटन व्हायला १८८० साल उजाडले. तेहेतीस वर्षे चाललेल्या या बांधकामात त्यांचा स्वभाव दिसतो. हाती घेतलेले काम सोडायचे नाही, आणि ते पुरे झाले असेही घाईने म्हणायचे नाही, ही त्यांची रीत होती. व्याकरणाच्या बाबतीतही नेमके हेच घडले.

३. व्याकरण

प्रकृती बिघडल्यामुळे १८५४ मध्ये कॉल्डवेल इंग्लंडला गेले, आणि तेथील मुक्कामात, १८५६ साली, ‘द्राविड किंवा दक्षिण भारतीय भाषाकुलाचे तुलनात्मक व्याकरण’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. त्याचे महत्त्व समजण्यासाठी आधीची स्थिती पाहिली पाहिजे. कॅरी, कोलब्रुक यांसारख्या नामवंत पंडितांनी दक्षिणेतील भाषांचे मूळ संस्कृतात मानले होते. त्याला पहिला आधारपूर्ण विरोध मद्रासचे सनदी अधिकारी फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी १८१६ मध्ये केला. कॅम्पबेल यांच्या तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या टिपणात त्यांनी तमिळ, तेलुगू आणि कन्नड यांचे मूळ एकच असून ते संस्कृताहून वेगळे असल्याचे दाखवले. एलिस १८१९ मध्येच वारले आणि त्यांचे टिपण दुर्लक्षित राहिले. या क्षेत्रातील पहिली नांगरणी एलिस यांनी केल्याचे कॉल्डवेल यांनी मान्य केले आहे. तथापि नांगरलेल्या जमिनीत पूर्ण पीक काढण्याचे श्रेय कॉल्डवेल यांचेच.

त्यांची पद्धत एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. ‘तीन’ या अर्थी तमिळमध्ये ‘मून्ऱु’, मल्याळममध्ये ‘मून्नु’, कन्नडमध्ये ‘मूरु’ आणि तेलुगूत ‘मूडु’ असे शब्द आहेत. ‘मी’ या अर्थी अनुक्रमे ‘नान्’, ‘ञान्’, ‘नानु’ आणि ‘नेनु’ अशी रूपे येतात. संस्कृतातील ‘त्रि’ व ‘अहम्’ यांच्याशी यांचा काहीच संबंध लागत नाही. देवधर्म, विद्या, राज्यकारभार यांतील शब्द एक भाषा दुसरीकडून सहज उचलते. परंतु सर्वनामे, पहिले अंक, शरीराच्या अवयवांची नावे आणि क्रियापदांचे प्रत्यय ती सहसा उसने घेत नाही. म्हणून नात्याचा निवाडा याच पुराव्यावर करावा लागतो. कॉल्डवेल यांनी ध्वनींचाही एक नियम दाखवला. तमिळमध्ये शब्दाच्या आरंभी सघोष स्पर्शवर्ण येत नाही, आणि दोन स्वरांच्या मधला एकेरी स्पर्शवर्ण अघोष राहत नाही. म्हणूनच तमिळ लिपीला ‘क’ आणि ‘ग’ यांसाठी वेगवेगळ्या अक्षरांची गरज भासली नाही. लिपीची उणीव म्हणून जे हिणवले जात होते ते भाषेच्या नियमाचे फळ ठरले.

१८७५ मध्ये ग्रंथाची दुसरी, पुष्कळ वाढवलेली आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीत नऊ भाषा होत्या. दुसरीत त्या बारा झाल्या. साहित्यसंपन्न भाषांच्या जोडीला तोडा, कोटा, गोंडी, कुरुख यांसारख्या केवळ बोलल्या जाणाऱ्या भाषांनाही साक्षीदार म्हणून उभे करण्यात आले. राजदरबारातील कवीची भाषा आणि डोंगरातील गुराख्याची भाषा यांना पुराव्याच्या दृष्टीने एकाच रांगेत बसवणे, हा या ग्रंथाचा कदाचित सर्वांत दूरगामी भाग होय.

ग्रंथात चुका नाहीत असे नाही. द्राविड कुलाचे नाते त्यांनी मध्य व उत्तर आशियातील ज्या विस्तृत ‘सिथियन’ गटाशी जोडले, ते आज मान्य नाही. ब्राहुई भाषेला या कुलात पूर्ण स्थान देण्यास ते कचरले. पुढील संशोधनाने तिला ते दिले. ‘द्राविड’ या नावासाठी त्यांनी कुमारिलभट्टाच्या ‘तंत्रवार्तिका’तील ज्या उल्लेखाचा आधार घेतला, तो अशुद्ध पाठावर आधारलेला होता, असे नंतरच्या पंडितांनी दाखवले. परंतु या चुका दुरुस्त होऊ शकल्या, कारण पुरावा मांडून पुराव्यानेच खोडता यावे अशी या ग्रंथाची रचना होती.

४. मराठीच्या उंबरठ्यावर

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने या ग्रंथातील एक छोटा विचार विशेष मोलाचा आहे. ब्राह्मणांच्या परंपरागत वर्गीकरणात महाराष्ट्र आणि गुर्जर हे ‘पंचद्राविडां’त मोडतात, मात्र भाषेच्या आधारे कॉल्डवेल यांनी मराठी व गुजराती यांना द्राविड कुलाबाहेर ठेवले, आणि ते योग्यच होते. त्याचबरोबर उत्तरेकडील भाषांची रचना काही बाबतींत संस्कृतापेक्षा दक्षिणेच्या भाषांशी जुळते, याचीही त्यांनी यादी दिली. शब्दयोगी अव्यय नामानंतर येणे, धातुसाधितांपासून काळ बनणे, आणि प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे असणे, या गोष्टी त्या यादीत आहेत.

यांपैकी शेवटची गोष्ट मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यातली आहे. ‘आम्ही उद्या निघतो’ असे म्हटले की ऐकणारा मागे राहतो. ‘आपण उद्या निघू’ म्हटले की तो बरोबर येतो. तमिळमध्ये हाच भेद ‘नाङ्गळ्’ आणि ‘नाम्’ यांनी, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ यांनी दाखवला जातो. संस्कृताच्या ‘वयम्’मध्ये तो नाही. मराठीतील ‘आपण’ हा शब्द व्युत्पत्तीने संस्कृत ‘आत्मन्’पासून, प्राकृताच्या वाटेने आलेला आहे, म्हणजे शब्द आर्यकुलातला, पण त्याचा हा उपयोग दक्षिणेच्या वळणाचा. १८५७ मध्ये मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, तिला जोडलेल्या निबंधात मुंबईचे जॉन विल्सन यांनीही मराठीत संस्कृत आणि ‘सिथियन’ असे दोन घटक मानले होते. तेव्हाची ही ढोबळ परिभाषा मागे पडली. प्रश्न मात्र जिवंत राहिला. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ असल्याची कल्पना मांडली, साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये मराठीच्या जडणघडणीत दोन कुलांच्या मिश्रणाचा शोध घेतला, आणि मराठीत विश्वनाथ खैरे यांनी तमिळ–मराठी संबंधांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. त्यांचे सर्व निष्कर्ष सर्वांना मान्य नाहीत; पण ज्या वाटेने ते गेले तिच्या आरंभी कॉल्डवेल उभे आहेत.

५. दुसरे पुस्तक

या व्याकरणाच्या सात वर्षे आधी, १८४९ मध्ये, कॉल्डवेल यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. ‘टिनेवेलीचे शाणार’ हा तिचा विषय. ज्या ताड चढणाऱ्या लोकांत ते राहत होते, ज्यांच्या मुलांना ते शिकवत होते, त्यांच्याच धर्माचे आणि नैतिक स्थितीचे ते वर्णन होते. पुढल्याच वर्षी ती लंडनहून निघाली. इंग्लंडमधील देणगीदारांना मिशनच्या कार्याची ओळख करून देणे हा अशा लेखनाचा व्यावहारिक हेतू असे.

पुस्तिकेतील निरीक्षण बारीक आहे. या लोकांची भूतपूजा ही वैदिक धर्माची बिघडलेली अवस्था नसून तिचे मूळ स्वतंत्र व प्राचीन आहे, असे त्यांनी म्हटले. व्याकरणात पुढे भाषेविषयी जे सांगितले तेच येथे धर्माविषयी सांगितलेले आहे. मात्र त्यापुढे जाऊन त्यांनी सबंध जातीच्या बुद्धीवर आणि स्वभावावर हीन शेरे मारले, आणि ते लोक सिंहलद्वीपातून आलेले असल्याचे मांडले. भाषेच्या बाबतीत प्रत्येक विधानाला चार भाषांची साक्ष काढणारा हा अभ्यासक माणसांच्या बाबतीत स्वतःच्या मतालाच साक्ष मानून मोकळा झाला. ज्यांच्याविषयी लिहिले ते कधी हे वाचतील, ही शक्यता त्याने धरलेली दिसत नाही.

ते वाचले गेले, आणि मिशनच्याच शाळांत शिकलेल्यांनी ते वाचले. युरोपीय मिशनऱ्यांशी बिनसलेले सट्टमपिळ्ळै यांनी १८५७ मध्ये प्रकाशपुरम येथे वेगळे होऊन स्वतःचे स्वतंत्र चर्च स्थापन केले; त्या असंतोषामागे या पुस्तिकेतील अपमानाचाही वाटा होता. पुढे समाजातील सुशिक्षितांनी तिच्याविरुद्ध लेख आणि तक्रारअर्ज लिहिले, आपला संबंध पांड्य राजांशी जोडला, आणि कॉल्डवेल यांच्या हयातीतच ती वितरणातून काढून घेणे भाग पडले. ‘शाणार’ या नावाला चिकटलेला हिणकस अर्थ झुगारून त्या समाजाने ‘नाडार’ हे नाव धरले, आणि १९२१ च्या जनगणनेत ते अधिकृतपणे नोंदले गेले.

या दोन लेखनांना ‘चांगला कॉल्डवेल’ आणि ‘वाईट कॉल्डवेल’ अशा दोन खणांत टाकणे सोपे आहे. पण ते खरे नाही. वसाहतकालीन ज्ञानाचा हा नेहमीचा पेच आहे. वर्गीकरणाचे जे हत्यार एका भाषेला तिचे हरवलेले कुल मिळवून देते, तेच माणसांच्या समूहावर चालवले की त्यांना एका कायमच्या चौकटीत कोंडते. दोहोंत फरक एवढाच की भाषा उलट बोलत नाही, माणसे बोलतात. १८७५ च्या आवृत्तीतील एक परिशिष्ट मात्र येथे लक्षात घ्यायला हवे. दक्षिणेतील परैयर हे द्राविडच आहेत काय, असा प्रश्न त्यात घेतला आहे, आणि त्याचे उत्तर होकारार्थी दिले आहे. अस्पृश्य मानलेल्यांना भाषेच्या आणि वंशाच्या त्या नव्या घरात जागा देणारे हे प्रकरण १९१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत संपादकांनी गाळले. पुढे कित्येक वर्षे वाचकांच्या हाती राहिली ती हीच संक्षिप्त आवृत्ती. एका बाजूने ग्रंथकाराची संकुचितता आणि दुसऱ्या बाजूने वारसांची, अशा दोहोंत या ग्रंथाचा इतिहास अडकलेला आहे.

६. बिशपपद आणि अखेर

तिरुनेलवेलीत अँग्लिकन पंथाच्या दोन संस्था शेजारी शेजारी काम करीत, आणि दोन्ही मद्रासच्या बिशपच्या अधिकाराखाली होत्या. जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकसंख्या वाढली तशी इतक्या दुरून देखरेख अशक्य झाली. तेव्हा मद्रासच्या बिशपला साहाय्यक म्हणून दोन्ही संस्थांमधून एकेक बिशप नेमण्याची तडजोड निघाली. ११ मार्च १८७७ रोजी कलकत्त्यात कॉल्डवेल आणि एडवर्ड सार्जंट यांचा दीक्षाविधी झाला. ते वर्ष भीषण दुष्काळाचे होते. मदतकार्याबरोबर हजारो लोक चर्चमध्ये आले, आणि भुकेच्या काळात झालेल्या धर्मांतराचा अर्थ कसा लावायचा, हा वाद तेव्हापासून आजवर चालू आहे.

पद वाढले तरी अभ्यास थांबला नाही. ताम्रपर्णीच्या मुखाजवळचे कोर्कै हे पांड्यांचे प्राचीन बंदर आणि मार्को पोलोने उल्लेखलेले कायल यांचा शोध त्यांनी घेतला. त्याचा वृत्तान्त १८७७ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त आला. १८८१ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्याचा त्यांचा इतिहास मद्रास सरकारने छापला. १८८३ मध्ये ते तुतिकोरिनला राहावयास गेले. जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी पद सोडले, आणि त्याच वर्षी २८ ऑगस्ट रोजी कोडैकानल येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा देह इडैयनगुडीला आणून, तेहेतीस वर्षे खपून बांधलेल्या त्याच चर्चमध्ये पुरण्यात आला.

मृत्यूनंतर त्यांच्या ग्रंथाला त्यांनी न कल्पिलेले आयुष्य लाभले. व्याकरणाने दिलेले ‘द्राविड’ हे नाव विसाव्या शतकात ब्राह्मणेतर चळवळीचे आणि मग राजकीय पक्षांचे निशाण बनले. १९६८ च्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर जे पुतळे उभे राहिले त्यांत या बिशपचाही पुतळा आहे. धर्मप्रसारासाठी आलेल्या माणसाला त्याच्या धर्मासाठी नव्हे, तर भाषेसाठी हा मान मिळाला.

७. समारोप

या चरित्राचा शेवट पुतळ्यापाशी करणे मात्र पुरेसे नाही. कॉल्डवेल यांच्या मृत्यूपूर्वी सतरा वर्षे, १८७४ मध्ये, त्याच तिरुनेलवेली जिल्ह्यातील वेळ्ळाळनविळै या गावी एका नाडार ख्रिस्ती कुटुंबात वेदनायगम सॅम्युएल अझराया यांचा जन्म झाला. तमिळ ही मातृभाषा असलेल्या अझराया यांनी निजामाच्या राज्यातील दोर्णकल येथे जाऊन तेलुगू शिकून घेतली आणि तेथेच आपले कार्य केले. १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी गोऱ्या सहकाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडले, की त्यांचा त्याग भारतीय ख्रिस्ती विसरणार नाहीत, पण त्यांना आता हवी आहे ती मैत्री. २९ डिसेंबर १९१२ रोजी, कॉल्डवेल यांना जेथे दीक्षा मिळाली त्याच कलकत्त्यात, अझराया हे अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप झाले. ज्या समाजाच्या बुद्धीवर १८४९ मध्ये शेरा मारला गेला होता त्याच समाजातून हे बिशप आले.

कॉल्डवेल यांच्या व्याकरणातील ‘नाम्’ आणि ‘नाङ्गळ्’ यांच्याकडे या प्रकाशात पुन्हा पाहावेसे वाटते. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे अनेकवचन आणि त्याला वगळणारे अनेकवचन यांतला फरक त्यांनी अचूक टिपला होता. तो फरक केवळ प्रत्ययांचा नसून वागणुकीचाही आहे, हे मात्र त्यांच्या पुस्तिकेला उमगले नाही. एडिंबरोत अझराया यांनी मागितले ते हेच. भाषांच्या तुलनेचे काम आजही चालू आहे, आणि ते करताना अभ्यासकाने दोन्ही कॉल्डवेल जवळ ठेवावेत : पहिले पुरावा कसा मांडावा हे शिकण्यासाठी, आणि दुसरे ज्यांच्याविषयी लिहायचे ते वाचणार आहेत याचे भान राहण्यासाठी.